कडुनिंबावरची दोन गाठोडी

गिऱ्हाईक पायऱ्या चढत असतानाच चुडामणला कळतं, हे कुठल्या जातकुळीचं. बुऱ्हाणपुरात राजपुऱ्याकडून तापी नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सूर्यकन्या लॉज नावाची अकरा खोल्यांची इमारत आहे. तिच्या काउंटरमागे त्याची एकतीस वर्षं गेली, केस गेले, आणि बायको गेली त्यालाही चार वर्षं झाली. माणसं ओळखायची विद्या मात्र राहिली.

पाठीवर बोजा आणि गळ्यात कॅमेरा म्हणजे किल्लेवाले. ते आल्याआल्या विचारणार, बादशहाच्या बेगमेला आग्ऱ्याला नेण्याआधी पुरलं ती जागा कुठे? चुडामण रस्ता सांगतो आणि मनात म्हणतो, या गावात बेगमसुद्धा सहा महिन्यांची पाहुणी होती, तुम्ही तर एका रात्रीचे. दर्ग्याला येणारे आपल्या लोकांच्या मुक्कामी उतरतात, गुरुद्वाऱ्याला येणारे गुरुद्वाऱ्यात. ते त्याच्याकडे फक्त पत्ता विचारतात. केळीवाले व्यापारी फोनवर ओरडत येतात आणि चपलांसकट पलंगावर पडतात. वऱ्हाडी तर विचारूच नका. ते गेले की उशा शोधाव्या लागतात.

आणि मग झाडावाले. हा शब्द चुडामणचाच. तापीत अस्थी सोडायला लांबून येणारी माणसं म्हणजे झाडावाले. इथून पोटासाठी बाहेर गेलेल्यांची मुलंबाळं, आईबापांना शेवटी आपल्याच नदीत सोडायला आणतात. गावातलं घर विकलेलं असतं, मग उतरायचं लॉजवर. पण अस्थी छपराखाली आणत नाहीत. मडक्याचं लाल फडक्यातलं गाठोडं बाहेर झाडाला टांगायचं, ही रीत. बाकीची लॉजं अशा लोकांना दारातूनच वाटेला लावत. चुडामणने अंगणातल्या कडुनिंबाला दोन खुंट्या ठोकून घेतल्या होत्या. गाठोड्याला तो खोली नंबरची चिठ्ठी बांधायचा. मेलेल्याचं नाव रजिस्टरात लिहायचा प्रश्नच नव्हता, कारण तो काही खोलीत उतरलेला नव्हता.

आता झाडाला एकच खुंटी आहे. दुसरी सात वर्षांपूर्वी त्याने स्वतः उपटली. त्या भोकातून दर उन्हाळ्यात डिंक येतो. चुडामण तो खरवडतो, आठ दिवसांत पुन्हा येतो. दुपारी लॉज सामसूम असलं की काउंटरपुढे कोणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. मान वर करावी तर कोणी नसतं. ते काय विचारायला आलं होतं, हे मात्र चुडामणला पक्कं ठाऊक असतं. माझं नाव का नाही घेतलंस?

झालं होतं ते असं. सात वर्षांपूर्वीच्या चैत्रात एकाच दिवशी दोन झाडावाले आले. तीन नंबरमध्ये पुण्याचा अमोल, वडिलांच्या अस्थी घेऊन. इथल्याच इतवाऱ्यात जन्मलेला पोरगा, पण आता गावात हक्काने उतरावं असं एक दार उरलं नव्हतं. आठ नंबरमध्ये सुरतेहून आलेली वैशाली आणि तिची म्हातारी सासू, वैशालीच्या नवऱ्याच्या अस्थी घेऊन. दोन मडकी, दोन लाल फडकी, वजनही सारखंच. संध्याकाळी वावटळ आली. पत्रे उडाले, धूळ बसेपर्यंत दोन्ही गाठोडी खाली आली होती. नशीब, मडकी शाबूत होती. चिठ्ठ्या मात्र सुटून एकमेकींशेजारी मातीत पडल्या होत्या.

चुडामणने दोन्ही गाठोडी हातात घेऊन पाहिली. खोल्यांची दारं वाजवून खरं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण लोक काय म्हणतील, म्हातारी काय आकांत करील, या भीतीने तो कोणाच्या दारी गेलाच नाही. अंदाजाने चिठ्ठ्या बांधल्या आणि गाठोडी पुन्हा टांगली. देवाला दोन्ही सारखेच, असं स्वतःला समजावलं. एवढं एक वाक्य त्याला सात वर्षं पुरवायचं होतं आणि ते सात दिवसही पुरलं नाही.

रात्री अमोलला पुण्याहून फोन आला. बायकोला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. मिळेल ती गाडी पकडायला तो निघाला. जाताना त्याने चुडामणचे हात धरले. "काका, नानांना तुमच्या हातून सोडा. सुरेश त्र्यंबक. नाव तेवढं घ्या."

सकाळी सासूसून आठ नंबरची चिठ्ठी असलेलं गाठोडं घेऊन घाटावर गेल्या आणि परस्पर सुरतेला परतल्या. दुपारी उरलेलं गाठोडं चुडामणने राजघाटावर नेलं. गुडघाभर पाण्यात उभा राहिला. सुरेश म्हणावं तर आत सुरेश आहेच कशावरून? चुकीच्या नावाने कोणाला कसं धाडायचं? तो न बघता मडकं पालथं करून परत आला. कोण होता तो, बिननावाचा गेला. अमोलने फोन करून विचारलं तेव्हा चुडामण म्हणाला, सगळं नीट झालं. मुलगी झाल्याचं अमोलने सांगितलं आणि आभार मानले. तेव्हापासून लॉजचा फोन वाजला की चुडामण तीन घंटा जाऊ देतो, मगच उचलतो.

यंदाच्या चैत्रात, दुपारी बाराच्या सुमाराला, पायऱ्यांवर एक चाळिशीची बाई दिसली. कडेवर लेकरू घ्यावं तसं तिने लाल गाठोडं घेतलं होतं. एकटीच होती. चुडामणने बघताक्षणी ओळखलं.

"रूम पाहिजे, काका. वैशाली सोनवणे. सुरत." तिने आधार कार्ड पुढे केलं. "सासूबाई गेल्या."

"हो, हो, ताई. रूम तर भेटून जाईल," चुडामण म्हणाला. "गाठोडं लाओ, झाडाला टांगतो. एकच खुंटी आहे आता, काही टेन्शन नही."

"झाडाला नाही टांगायचं. मी खाली बसते, माझ्या मांडीवर राहू दे." आणि ती खरंच कडुनिंबाखालच्या ओट्यावर जाऊन बसली, भर उन्हाची.

चुडामणने चहा पाठवला, तो तसाच निवला. मग पाणी घेऊन तो स्वतः गेला. तिने उपटलेल्या खुंटीच्या भोकाकडे बघितलं आणि त्याच्याकडे बघितलं. पदराच्या गाठीतून रुमाल काढला आणि ओट्यावर उलगडला. आत बोटाएवढी पोलादी पट्टी होती, जळून काळी पडलेली. तिला तीन भोकं होती आणि एका भोकात स्क्रू अडकलेला होता. मोडलेल्या हाडात डॉक्टर बसवतात तसली.

"ही घाटावर मडक्यात निघाली," वैशाली म्हणाली. "माझ्या माणसाचं हाड कधी मोडलंच नव्हतं, काका. तापाने गेले ते. मी मुठीत दाबून घेतली. सासूबाई बाजूला बसून निरंजन, निरंजन करत होत्या. त्यांना काय सांगणार होते मी? जो कोणी होता त्याला तीळपाणी दिलं, माझ्या नवऱ्याच्या नावाने. त्या होत्या तोवर तोंड शिवून ठेवलं. लेक आपल्या हातून तापीत गेला, एवढ्यावर जगल्या त्या."

चुडामणने पट्टी उचलून उलटसुलट बघितली आणि परत रुमालावर ठेवली.

"मी भांडायला नही आले. भांडायचं असतं तर तेव्हाच आले असते. मला एकच सांगा. मग माझा माणूस कोणी सोडला? पोहोचला का तरी पाण्यात?"

खोटं बोलायला ही शेवटची जागा होती आणि ते फार सोपं होतं. तीन नंबरच्या पोराने सोडला, ढसाढसा रडला, असं म्हटलं असतं तर ती निवांत झोपली असती. चुडामणच्या ओठांवर ते आलंही होतं. पण झाडाखाली, मांडीवर सासू घेऊन बसलेल्या या बाईपुढे त्याला लाज वाटली.

"मीच सोडला," तो म्हणाला. "वावटळीत चिठ्ठ्या पडल्या. मी अंदाजाने बांधल्या. दुसऱ्याला घाईत जावं लागलं, तो माझ्या हवाली करून गेला. पाण्यात मीच सोडला, ताई."

"नाव काय घेतलं?"

"नही घेतलं. कोण आहे तेच मला माहीत नव्हतं."

तिने गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "सात वर्षं रोज संध्याकाळी दिवा लावताना मला वाटायचं, दाराबाहेर कोणी उभं आहे. आत येत नाही, जात पण नाही. चला, उठा."

दोघं राजघाटावर गेली. पाणी उतरलं होतं, पायऱ्यांवर शेवाळ सुकलं होतं. वैशालीने सासूला सोडलं, स्वतः, रीतसर. मग ओंजळीत पाणी आणि तीळ घेऊन चुडामणच्या हातात ओतले.

"निरंजन देवराम सोनवणे," ती म्हणाली. "तुम्ही घ्या. तुम्ही सोडला ना? मग तुम्हीच घ्या."

पहिल्यांदा त्याचा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा पुटपुटला. "जोराने, काका. लांब गेलाय तो," ती म्हणाली. तिसऱ्यांदा चुडामणने नाव घेतलं तेव्हा वरच्या पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. तो पाण्यात उभ्याउभ्या रडला, बायकोच्या वेळीसुद्धा रडला नव्हता तसा. वैशालीने त्याला रडू दिलं, पण त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

लॉजवर परतल्यावर तिने तो रुमाल उरलेल्या खुंटीला बांधला. "हे त्या दुसऱ्यांचं आहे. चिठ्ठी लावा," ती म्हणाली. "नंबराची नको, या वेळी नावाची." आणि चारच्या गाडीला निघून गेली. माफ केलं, असं काही म्हणाली नाही. चुडामणनेही विचारलं नाही.

त्याने चिठ्ठीवर 'सुरेश त्र्यंबक' लिहून ती दोऱ्याने घट्ट बांधली, दोनदा ओढून बघितली. मग सात वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. तीन नंबरसमोरचा फोन नंबर त्याला पाठच होता, तरी बोट ठेवून एकेक आकडा दाबला. पलीकडे एका लहान मुलीने फोन उचलला आणि ओरडून बाबांना हाक मारली.

"अमोल भाऊ," चुडामण म्हणाला, "बुऱ्हाणपूरहून बोलतो, सूर्यकन्या लॉजचा चुडामण. तुमचं थोडं सामान राहिलंय इथे."