टाच मारा की, साहेब

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचे ठरले, तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि स्वतःला मोठी घोडेस्वार समजत होते. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. मुंबई राज्यात कोण जाणार, इथेच कोण राहणार, याचे कागद त्यांच्या टेबलावरून जायचे. त्यांचा स्वतःचा कागद मात्र वर कुठेतरी अडकलेला. चिक्कडपल्लीच्या घरात आई एक दिवस लोणच्याच्या बरण्या बांधायची आणि दुसऱ्या दिवशी सोडायची.

घोड्यावर बसायला मला एका म्हाताऱ्या उस्तादांनी शिकवलं. ते निजामाच्या जुन्या रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले. त्यांचं कचेरीतलं काम वडिलांनी मार्गी लावलं होतं आणि बदल्यात काही घ्यायला नकार दिला होता. "तो फिर बेटी को घोडा सिखाता मैं," उस्ताद म्हणाले. नाही म्हणायला वडिलांना वेळेवर कारण सुचलं नाही.

वर्षभर मी त्यांच्या एका आळशी घोडीवर बसले. तिला कितीही टाचा मारा, ती आपल्या मर्जीने चालायची, आणि तिची मर्जी मी माझं कसब समजायचे. मग एका रविवारी उस्तादांनी एक उंच, करडा घोडा समोर आणला. रिसाला मोडला तेव्हा तो त्यांच्याकडे आलेला. कवायतीत मुरलेला.

मी ऐटीत बसले, लगाम ओढला, टाच मारली. घोडा मागे चालू लागला. मी घाबरून गुडघे आवळले, तर तो आडवा निघाला, खेकड्यासारखा. डावीकडे झुकले की डावीकडे, उजवीकडे सावरले की उजवीकडे. पाच मिनिटांत आम्ही सगळं मैदान फिरलो, फक्त सरळ सोडून.

"उस्ताद, हा बिघडलाय!"

"नै बेटी. तुम जो बोलरैं, वोच कररा. तुम बोलरैं भौत."

मला फार राग आला. कारण ते खरं होतं.

तीन-चार रविवार गेले तेव्हा कुठे पाय गप्प ठेवायला जमू लागलं. त्याच सुमारास वडील आपल्या साहेबांना घेऊन मैदानावर आले. वडिलांचा कागद ज्यांच्याकडे अडकला होता, तेच हे साहेब. गोरेगोमटे, बुटांना कडक पॉलिश. लहानपणी आपण गावी घोडा पळवायचो, असं ते वडिलांना दर आठवड्याला सांगत. उस्ताद करड्या घोड्याचं खोगीर कसत मला हळूच म्हणाले, "साब को बोल दे, एडी नको लगाना."

मी जवळ गेले तोवर साहेब घोड्यावर चढले होते. त्यांनी वरून विचारलं, "काय गं, याला टाच मारावी लागते का?"

आजही मला सांगता येत नाही, की त्या क्षणी माझ्या जिभेवर कोण बसलं होतं.

"मारा की, साहेब. जोरात मारा. उजवी."

साहेबांनी मारली, आणि दचकून लगामही खेचला. घोडा अदबीने डावीकडे निघाला, एकेक पाऊल मोजून टाकत. "अरे, थांब! ठैर!" म्हणत साहेबांनी टाच आणखी रुतवली, तसा घोडा आणखी मन लावून आडवा चालला. मैदानाच्या कडेला धोब्यांच्या दोऱ्या होत्या. घोडा आणि साहेब चादरींच्या पहिल्या रांगेत शिरले, दुसरीतून बाहेर आले. साहेबांच्या डोक्यावर कुणाचा तरी ओला परकर होता.

मी हसत खाली बसले. मग वडिलांचा चेहरा दिसला आणि उठले.

साहेब उतरले. परकर नीट घडी करून दोरीवर टाकला. "तुमच्या मुलीने मला मुद्दाम फसवलं," ते वडिलांना म्हणाले. मी पुढे होऊन म्हणाले, "हो साहेब. चुकलं माझं."

शिक्षा उस्तादांनी सुनावली: यापुढे रिकिबी नाहीत, लगाम नाही, दोन्ही हात डोक्यावर. आणि साहेबांनी ती पाहायला दर रविवारी यायचं. ते आलेही! झाडाखाली खुर्ची टाकून चहा पीत माझ्या चुका मोठ्याने मोजत. "सात! खांदा वाकला! आठ!" इतका आनंद त्यांना कचेरीत कधी मिळाला नसावा. पण त्या दोन महिन्यांत मी जे शिकले, ते त्या घोडीवर दहा वर्षांत शिकले नसते. नुसता श्वास सोडला की घोडा थांबायचा. नजर वळवली की वळायचा.

वडिलांचा कागद सुटला. औरंगाबादला नेमणूक. साहेबांनी तो सही करून स्वतः आणून दिला, एकही टोमणा न मारता. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

शेवटच्या रविवारी वडील मला न्यायला आले. उस्ताद त्यांना म्हणाले, "साब, आप भी बैठो ना एक बार."

वडील धोतर सावरून चढले. त्यांना काहीच येत नव्हतं, म्हणून त्यांनी काहीच केलं नाही. घोडा काही पावलं सरळ चालला आणि मैदानाच्या मधोमध थांबला. वडील वर बसून चारी बाजूंना बघत राहिले. मी, उस्ताद आणि साहेब कडेला बोलत उभे होतो. बऱ्याच वेळाने साहेबांनी हाक मारून विचारलं, "उतरायचंय का?"

"इतक्यात नाही," वडील म्हणाले.