एवारिस्तो सरांचा नेम

तिसरी टेकडी चढता चढता एवारिस्तो सर पुन्हा थांबले. दम लागला म्हणून नव्हे, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"इथून समुद्र फार छान दिसतो, पुरिंग," ते म्हणाले. समुद्राकडे त्यांची पाठ होती.

पुरिंगने खिशातली जपमाळ चाचपली. सकाळपासून चालता चालता तिने अख्खी माळ ओढून संपवली होती. सरांचं बोलणं मात्र अजून पहिल्याच मण्यावर होतं. तो मणी म्हणजे ऑस्ट्रेलिया.

तरुणपणी सर तिकडे शिकायला म्हणून गेले होते आणि एक पावसाळा संपायच्या आत परतही आले होते. येताना दोन गोष्टी आणल्या: रुंद काठाची एक टोपी आणि एका गवताचं बी. टोपी अजून डोक्यावर होती, गवत मास्बाते बेटाच्या टेकड्यांवर होतं. दोघांचाही रंग उडाला होता आणि दोघंही मधोमध विरळ झाली होती. पण "ऑस्ट्रेलियात असताना आम्ही" हे शब्द आले की गवत संशोधन केंद्रातल्या माणसांना एकदम काही ना काही काम आठवे. त्यामुळे टोपीबद्दल किंवा गवताबद्दल सरांना खरं सांगायला समोर कोणी उरतच नसे.

सरांचे वडील गुरं पाळणाऱ्या एका मोठ्या मळ्याचे मुकादम. त्यांच्याकडे घोडा होता आणि ऐट होती. मुलाच्या वाट्याला नुसती ऐट आली. शेतकी कॉलेजात त्यांना घेतलं ते सॉफ्टबॉलसाठी. चेंडू असा फेकायचे की समोरच्याला बॅट उचलायला सवड मिळू नये. परीक्षेत मात्र हा नेम दोनदा चुकला. पुढे मामाच्या चिठ्ठीवर या केंद्रात नोकरी लागली, आणि एकदा लागली ती लागलीच. चारा विभागाचे प्रमुख झाले तरी त्यांनी गवताचं एक ठोंब मुळासकट उपटून पाहिलं नसेल. मातीला हात लागला तर ते रुमाल काढत. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे त्यांच्याकडे बघून शिकावं.

पुरिंग त्याच केंद्रात मातीचा विभाग सांभाळायची. पाच वर्षांपूर्वी सरांनी दोन टेकड्यांवरचं जुनं कोगोन गवत नांगरून काढलं आणि तिथे आपलं परदेशी बी पेरलं. पहिल्याच पावसात वरची काळी माती वाहून समुद्रात गेली. पुरिंगने मातीचे नमुने तपासून तसं वरिष्ठांना लिहून दिलं. वरून उत्तर आलं: गवत किती निघतं ते दाखवा. भरपूर निघत असेल तर पावसाआधी तिसरी टेकडीही नांगरायची. नव्या गवताचं पीक दोघांनी मिळून मोजायचं होतं आणि अहवालावर दोघांची सही लागणार होती. सर जूनमध्ये निवृत्त होणार होते आणि त्यांना तिसरी टेकडी पदरात पाडूनच जायचं होतं. नव्या गवताच्या दोन टेकड्यांपैकी एक सकाळीच मोजून झाली होती. दुसरीकडे जायची वाट या तिसरीवरूनच होती.

मोजायची रीत साधी आहे. ठरलेल्या अंतरावर थांबायचं, पाठ फिरवायची, डोळे मिटायचे आणि लोखंडी चौकट खांद्यावरून मागे भिरकावायची. ती जिथे पडेल तिथलं गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं. चौकट आंधळी पडली तरच कुरण खरं बोलतं.

सर पाठ फिरवायचे. डोळेही मिटायचे. त्याआधी मात्र कमरेवर हात ठेवून चहूकडे एक फेरी मारायचे, जमीन विकत घ्यायला आलेल्या माणसासारखी. मग कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढायचे आणि चौकट सोडायचे. ती बरोब्बर कमरेएवढ्या हिरव्यागार झुबक्यात जाऊन पडायची.

"बघ! देवाची कृपा," सर म्हणायचे.

पुरिंगच्या मनाला तो क्रूस फार लागायचा. ती कापायला वाकायची आणि प्रत्येक झुबक्याच्या बुडाशी तिला तेच दिसायचं: वाळलेला शेणाचा पो. गाय जिथे शेण टाकते तिथे तोंड लावत नाही. शेणाचं खत पिऊन तिथलं गवत माजतं आणि तसंच उभं राहतं. म्हणजे जे गवत गाईने नाकारलं होतं, तेवढंच सरांच्या पिशवीत जात होतं. भोवतालच्या खुरट्या काड्या आणि उघडे दगड चौकटीला कधी सापडतच नव्हते.

वाटभर तिला एकच प्रश्न छळत होता: हा माणूस मूर्ख आहे की लबाड? मूर्ख असेल तर देव त्याला सांभाळून घेईल, आपणही घ्यावं. आजवर तिने सरांना मूर्खांतच धरलं होतं. त्यातच तिच्या मनाला स्वस्थता होती.

तिसऱ्या टेकडीच्या माथ्यावर बसिलियाची झोपडी होती. तिच्या गाई याच टेकडीवर चरायच्या. बसिलियाने उकडलेला कसावा, भाजलेली सुकी मासळी आणि बांबूच्या नळकांड्यात माडी पुढे ठेवली. सरांनी माडी आधी घेतली.

"सर, आमची टेकडी तेवढी सोडा हो," बसिलिया म्हणाली.

"मानाय, विज्ञानाला भावना नसतात," सर म्हणाले. थोरल्या बाईला इकडे सगळे मानायच म्हणत.

"विज्ञानाला नसू देत. माझ्या गाईंना पोट आहे ना! तुम्ही पलीकडे नांगर घातलात तेव्हापासून पाऊस पडला की माझ्या झऱ्याला तपकिरी पाणी येतं. नातवंडं वाटी घेऊन बसतात. म्हणतात, आजी, आज कोको फुकट आहे."

पुरिंगला हसू आलं. सर हसले नाहीत. त्यांनी आणखी थोडी माडी ओतून घेतली आणि ऑस्ट्रेलियात झरे कसे बांधून काढतात ते सांगायला सुरुवात केली.

"कोगोन म्हणजे गरिबीचं गवत," ते शेवटी म्हणाले. "हे डोंगर किती दिवस असे ठेवणार?"

"आजीच्या वेळेपासून असेच आहेत आणि अजून डोंगरच आहेत," बसिलिया म्हणाली. "तुमचे दोन मात्र दर वर्षी थोडे थोडे समुद्राला चाललेत. इंदाय, पोरी, तू तरी सांग ना यांना."

पुरिंगने हात धुतले, मनात एकदा शेतकऱ्यांच्या संताचं, सान इसिद्रोचं नाव घेतलं आणि म्हणाली, "सर, पलीकडच्या टेकडीवरच्या फेकी डोळे बांधून करायच्या."

"म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुमच्यावर आहे. तुमच्या हातावर नाही. फार चांगला हात आहे तो."

सर फुलले. "कॉलेजात तर मी..."

"म्हणूनच म्हणते. सकाळपासून प्रत्येक चौकटीत शेण निघालंय, सर."

"शेण?" सरांनी भुवया उंचावल्या. "मला नाही बाई दिसलं. मी वर बघून चालतो."

हे ते इतक्या भोळेपणाने म्हणाले की पुरिंगला क्षणभर स्वतःचीच शरम वाटली. पण शब्द मागे घेतला नाही.

"डोळे बांधून जे येईल, त्याच्यावर माझी सही. सकाळच्या पिशव्या मोजायच्या नाहीत. एक जरी फेक उघड्या डोळ्यांनी झाली तर माझं नाव नाही."

सरांनी टोपी काढली, पुसली, परत घातली. जून तोंडावर आला होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "हिऱ्याला काय, अंधारातही हिराच."

बसिलिया बरोबर निघाली. असला तमाशा चुकवायची तिची तयारी नव्हती. पलीकडच्या उतारावर पोचल्यावर पुरिंगने आपला मोठा रुमाल सरांच्या डोळ्यांवर बांधला. टोपी आड येत होती, ती बसिलियाने काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. मग सरांना खांद्यांनी धरून आंधळ्या कोशिंबिरीत फिरवतात तसं गरागरा फिरवलं.

"पडतील हो ते, मानाय!"

"पडू देत. गवत मऊ आहे म्हणतात ना त्यांचं."

पहिली फेक दगडावर खणखणत गेली. चौकटीत एक काडी नव्हती. दुसरीत खडबडीत तांबडी माती आणि चार वाळके धुमारे. पुरिंगने विळ्याने ते कापले आणि पिशवीत टाकले.

"किती आलं?" सरांनी बांधल्या डोळ्यांनीच विचारलं.

"चिमणीचं घरटं होईल," बसिलिया म्हणाली. "तेही लहान चिमणीचं."

पुढच्या फेकी तशाच गेल्या. दर वेळी सर आधी क्रूस काढायचे, पण आता त्यांचा हात कपाळावर जरा जास्त वेळ थांबायला लागला. रुमालाखालून घाम गालांवर उतरला. पिशव्या तर अशा हलक्या की वाऱ्याने उडू नयेत म्हणून पुरिंगने त्यांवर दगड ठेवले. उतार संपत आला. आता एक फेक राहिली होती. ती भरघोस आली तर सगळी सरासरी वर ओढली गेली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात खालून वासरू हंबरलं आणि बसिलिया टोपी सावरत तिकडे धावली.

सर चौकट छातीशी धरून उभे राहिले. फेकेनात. त्यांनी मान किंचित वाकडी केली आणि नाकाने हळूच हवा ओढली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"पुरिंग."

"बोला, सर."

"बसिलिया आहे का जवळ?"

"नाही. वासराकडे गेलीय."

"नक्की ना?"

"नक्की."

सर अर्धं पाऊल तिच्याकडे सरकले. आवाज अगदी खाली आणला. पापाची कबुली देतानासुद्धा त्यांनी तो कधी इतका खाली आणला नसेल.

"मग माझ्यासाठी एवढं एक कर. रुमाल नको सोडूस, तो राहू दे. फक्त शेण कुठल्या अंगाला आहे, तेवढं सांग."