महालक्ष्म्यांच्या पंगतीला आलेली पाहुणी

देव आहे याबद्दल मला कधी शंका नव्हती. आमच्या घरचं काम त्याला नीट जमेल का, याबद्दल मात्र होती. तरुणपणापासून दारव्ह्याच्या गणेशोत्सवात नाटकं बसवत आलेला माणूस मी. कोणी कुठून यायचं, कुठे बसायचं, कोणत्या वाक्याला डोळे पुसायचे, हे सगळं ठरल्याशिवाय पडदा हलू द्यायचा नाही ही माझी सवय. त्यामुळे मूल दत्तक घ्यायचं ठरलं आणि संस्थेच्या ताई घर बघायला येणार असं कळलं, तेव्हा मी महालक्ष्म्यांना मनोभावे हात जोडले आणि दिग्दर्शन स्वतःकडेच ठेवलं.

आमचं घर म्हणजे मी, माझी बायको मीना आणि आई. माझं शाळेच्या वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, मीना घरी ब्लाऊज शिवते. दोघंही पंचेचाळिशीला टेकलेले. दवाखाने झाले, नवससायास झाले, रडूनही झालं, आणि मग एका संध्याकाळी चहा पिताना मीना म्हणाली, "आपल्यापाशी लेकरू यायचं नसंल, तर आपण लेकराकडं जाऊ." त्या दिवसापासून आमच्या घरात जी मजा सुरू झाली, ती सांगितली तर लोक आम्हाला वेडे म्हणतील. आमच्या वयाला तान्हं बाळ मिळत नाही, दोन-चार वर्षांचं, चालतंबोलतं लेकरू मिळतं. त्याची तयारी हवी म्हणून आम्ही रोज जेवताना तालीम करायचो. मी लेकरू, मीना आई. मी दुधीची भाजी बघून तोंड फिरवायचो, पाय आपटायचो, पाटाखाली जाऊन बसायचो. मीना आधी गोडीनं समजवायची, मग चिमणीचा घास करायची, आणि शेवटी पळी उगारायची. एकदा ती पळी खरोखरच बसली. "लेकराले मारतात का?" मी ओरडलो. "तुझ्यावानी लेकरू असंल तर मारतात," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो. लोकांना वाटतं वाट बघणारं जोडपं उदास असतं. आम्ही तर वाट बघण्यात इतके रमलो होतो की दुकान उघडायला उशीर व्हायचा.

काळजी एकच होती, ती म्हणजे आई. ताई येऊन घर बघणार, घरातल्या प्रत्येकाशी बोलणार, आणि त्यावर सगळं ठरणार. मीनाची आणि माझी उत्तरं मी पाठ करून घेतली होती. पण आई या विषयावर अवाक्षर बोलत नव्हती. आम्ही तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं ऐकून घेतलं, सुपाला एक झटका दिला आणि म्हणाली, "तांदूळ लई खराब आणला या वेळेस." त्यानंतर महिने गेले, पण ती गप्पच. आमच्या आईचं गप्प बसणं म्हणजे आभाळ भरून येणं, कधी आणि कुठे कोसळेल सांगता येत नाही. ताईंसमोर तिनं "कोणाचं न् काय" एवढं जरी म्हटलं, तरी आमचं लेकरू दाराशी येऊन परत जाईल, या विचारानं मीनाची झोप उडाली. मग मी माझ्यातल्या दिग्दर्शकाला शोभेल अशी युक्ती काढली. ताई महालक्ष्म्यांचा सण झाल्यावर सोमवारी येणार होत्या. त्याच्या आदल्या दिवशी आईला माझ्या बहिणीकडे फुलसावंगीला पोचवायचं. आई रंगमंचावर नाही, तर चुकीचं वाक्यही नाही.

सण आला. आमच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन महालक्ष्म्या उभ्या करतात, त्यांच्या मध्ये त्यांची दोन लेकरं बसवतात, डोक्यावर फुलोरा टांगतात. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील असा सगळा थाट. नैवेद्य झाला की आधी सवाष्ण जेवायची, मग घरातले. तोवर आई पाण्याशिवाय काही घेत नाही, आणि तिला शुगर. त्यातून तिचा एक नवा नियम होता. सकाळीच तिनं आमचे दोघांचे फोन काढून पिठाच्या डब्यात ठेवले. "आज घरात बोलाचं तर महालक्ष्मीसंगं बोला." आम्ही बोलत होतो, तेवढ्यात शेजारच्या वहिनींचा निरोप आला. सवाष्ण म्हणून त्याच जेवायला येणार होत्या, पण त्यांना ऐनवेळी माहेरी दिग्रसला जावं लागलं.

महालक्ष्म्यांच्या दिवशी आमच्या गावात सवाष्ण शोधणं म्हणजे लग्नसराईत बँडवाला शोधण्यासारखं आहे. प्रत्येक बाई कुठे ना कुठे आधीच ठरलेली. स्कूटर काढून मी सगळी ओळखीची दारं वाजवली. कोणाचं जेवण झालेलं, कोणी दोन घरी जेवून आडवी झालेली. शेवटी सलीमभाईच्या गॅरेजवर गेलो. तो माझ्या नाटकांचा पडदा ओढायचा, आता गाड्या दुरुस्त करतो.

"सलीमभाई, एक सवाष्ण पाहिजे."

"अबे, ट्यूब आहे काय ते, काढून देऊ?" तो हसला. पण माझं तोंड बघून म्हणाला, "घरी जा तू. समोरच्या मास्तरांकडं यवतमाळची नवी सून आली आहे. तिले विचारतो न् पाठवतो."

मी परत निघालो. रस्त्यात पहिल्यांदाच माझ्या मनातून एक प्रार्थना निघाली, जिच्यात सूचना नव्हत्या. आई उपाशी होती, मला काही सुचत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "माय, पाहुणी तुझी आहे, तूच आण."

घराच्या फाटकापाशी एक बाई उभी होती. चाळिशीच्या आतबाहेरची, साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला बॅग. घराकडे बघून खात्री करत होती. मास्तरांची सून जरा थोराड दिसते, असं मनात आलं, पण उपाशी घराचा माणूस चिकित्सा करत नाही.

"यवतमाळच्या ना तुम्ही?"

"हो," ती म्हणाली. "मी फोन करत होते, पण—"

"फोन पिठात आहेत. लग्न झालेलं आहे ना तुमचं?"

ती क्षणभर गोंधळली. "झालेलं आहे. का?"

"मग चला लवकर, आई खोळंबली आहे."

पुढचं सगळं वाऱ्यासारखं घडलं. मीनानं तिच्या पायांवर पाणी घातलं, तिला पाटावर बसवलं, केळीचं पान मांडलं. ती संकोचानं "अहो, याची काही गरज नाही" म्हणत राहिली, आणि आई "लाजता काय बाई, घर आपलंच समजा" म्हणत वाढायला लावत राहिली. पाहुणी गोड होती. जेवता जेवता विचारपूस करू लागली. घरात कोण कोण, दुकान कसं चालतं, मीनाला शिवणाची आवड कधीपासून. मी कढीचं पातेलं घेऊन मागेपुढे करत होतो आणि मनात म्हणत होतो, मास्तरांनी सून चौकस आणली.

मग तिनं महालक्ष्म्यांकडे बघितलं. "आजी, ही मधली लेकरं कोणाची? ज्येष्ठेची की कनिष्ठेची?"

आई भिंतीला टेकून बसली होती. भुकेनं तिचा आवाज बारीक झाला होता. "लग्न होऊन आली तवापासून मांडून राह्यली मी. माह्या सासूनं काई सांगितलं नाई, मी बी पुसलं नाई. दोघींच्या मधात ठेवतो. दोघींचीच."

"आणि बाहेरून एखादं लेकरू या घरात आलं तर?"

माझ्या हातातलं पातेलं कलंडलं. मीना पुरण वाढता वाढता दगड झाली. महिनोन्‌महिने आम्ही जो प्रश्न आईला विचारायला घाबरत होतो, तो एका परक्या बाईनं आंबील पिता पिता विचारला होता.

आईनं तिच्याकडे बघितलं. "बाहेरून काहून म्हणता बाई? महालक्ष्म्या कुठून आल्या? काल दारातूनच आणल्या ना, थाळी वाजवून, पावलं काढून. जे येते ते दारातूनच येते. मी बी दारातूनच आली या घरात, मीना बी." मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "पन या शहाण्यानं मले फुलसावंगीले धाडाचं ठरवलं आहे. सोमवारी कोणी बाई घर पाहाले येणार म्हणते. याले वाटते म्हातारी तिच्यासमोर तोंड घालंन."

"तुले कोणी सांगितलं?" मी ओरडलो.

"अरे, तू मीनाच्या कानात बोलला तरी रस्त्यावर ऐकू जाते. नाटकातला आवाज तुहा."

पाहुणीचा घास हातातच राहिला होता. तिनं मान खाली घातली, आणि तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की तिला ठसका लागला, हे कळेना. "मग आजी, हे तुम्ही यांना आधी का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

आई म्हणाली, "मीना रोज महालक्ष्मीपुढं उभी राहून मांगत होती. मी बी खुशीनं हो म्हटलं असतं न् लेकरू आलंच नसतं, तर हिनं दोघींचं दुःख उचललं असतं. म्हून गप होती. एकटीनं मांगत होती मी बी."

मीना पुरणाचं भांडं तिथेच ठेवून आईपाशी बसली. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ऊठ, पाहुणीचं पान रिकामं आहे."

जेवण झालं. मीनानं ओटीचं ताट आणलं, कुंकवात बोट बुडवलं, आणि नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. दारात जरीच्या साडीतली एक नवी नवरी उभी. "सलीमभाईंनी पाठवलं. मी मास्तरांची सून. उशीर झाला का?"

आम्ही सगळे पाटावर बसलेल्या बाईकडे वळलो. माझ्या अख्ख्या आयुष्यात एवढा मोठा प्रवेश मी बसवलेला नाही.

"मग तुम्ही कोण?" मी विचारलं.

ती उठून उभी राहिली. ती संस्थेची ताई होती. गावातच दुसऱ्या एका घरी आली होती, ते घर सणामुळे कुलूपबंद निघालं, म्हणून भेटून जावं असं तिला वाटलं. फाटकात मी ज्या थाटात तिला आत नेलं, त्यावरून मी तिला ओळखलं असंच ती समजली. "फुलसावंगीचं ऐकलं तेव्हा कळलं की तुम्ही ओळखलेलं नाही," ती म्हणाली. "तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आजींचं ऐकायचं होतं." मग तिनं मीनाच्या कुंकवाच्या बोटाकडे बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. "आणखी एक आहे. तुम्ही लग्न झालंय का विचारलं, मी हो म्हटलं. पण माझे मिस्टर आता नाहीत. मी सवाष्ण नाही, आजी. मला वाटलं, पाहुणी म्हणूनच जेवायला बसवलंत; हे ओटीचं ताट बघून कळलं. तुमचा नैवेद्य मोडला असेल तर माफ करा."

आई स्वतः विधवा. सवाष्णीच्या पाटाचे नियम तिनं इतकी वर्षं काटेकोर पाळले होते, आणि नवरा गेल्यापासून त्या पाटावर ती स्वतः कधी बसली नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे आमचं लेकरू उभं होतं. आता आईच्या तोंडून जे निघेल, त्यावर त्याचं येणं होतं, आणि मला एकही वाक्य सुचवता येत नव्हतं. मी महालक्ष्म्यांकडे बघितलं आणि हात टेकले. खरंच सांगतो, मनातल्या मनात पडद्याची दोरी सोडून दिली.

आई भिंतीचा आधार घेत उठली. "पोट भरलं का बाई तुमचं?"

"हो, आजी."

"मंग नैवेद्य पोचला. तुमाले इथं कोणी आणलं? या माह्या पोरानं? याच्याच्यानं बाजारातून कोथिंबिरीची जुडी नीट येत नाई. जिनं आणलं तिनं पाहूनच आणलं असंल." मग तिनं मीनाकडे बघितलं. "या बाईची ओटी भर. न् त्या पोरीले बी बसव, उभी काहून ठेवली तिले?"

मीनानं ताईंच्या कपाळाला हळद लावली, ओटीत खण आणि नारळ घातला. ताई रडत होत्या. मास्तरांच्या सुनेला काही कळत नव्हतं, पण तीही डोळे पुसू लागली. मीही रडत होतो आणि कढी सांडलेल्या फरशीवर उभा होतो. जाताना ताई म्हणाल्या, "कागदपत्रांसाठी सोमवारी येतेच. आजींना मात्र कुठे पाठवू नका."

त्या सोमवारी आल्या तेव्हा मी एकही पाठ केलेलं उत्तर दिलं नाही. त्यांनी विचारलं, तुमच्यातला दोष काय? मीनानं मला बोलूच दिलं नाही, तिनं भरपूर सांगितले. आमचं नाव पुढे गेलं, मंजुरी आली, आणि आता आम्ही आमची पाळी येण्याची वाट बघतो आहोत.

लोक विचारतात, चमत्कार कोणता झाला? मला वाद घालायचा नाही. एका घराला कुलूप होतं, फोन पिठात होते, वहिनी माहेरी गेल्या, एवढंच झालं. पण मी रचलेलं नाटक जसं ठरलं तसं झालं असतं, तर आईच्या मनातलं मला कधी कळलं नसतं, आणि एक बाई त्या पाटावर बसायची राहिली असती. आता संध्याकाळी तालमीला आईही असते. लेकरू मीच. पळी मीनाच्या हातात, आणि आई माझ्या बाजूनं भांडते. लेकरू कोणाजवळ झोपणार यावर दोघींचा निकाल अजून लागलेला नाही.

आमचं लेकरू या घडीला कुठेतरी आहे. कदाचित धावत असेल, कदाचित भाजी बघून तोंड फिरवत असेल, आणि आम्हाला माहीत नसलेलं कोणीतरी त्याच्या तोंडात घास भरवत असेल. ते कधी येईल, मुलगा असेल की मुलगी, हे मी आता देवीला विचारत नाही. दिवा लावताना एकच गोष्ट करतो. जे हात आज त्याला भरवताहेत, त्या हातांना आम्हा तिघांचा नमस्कार पोचव, एवढं म्हणतो आणि जेवायला बसतो.