चौदाशे बारा सालची चित्रफीत

चंद्रशेखर रियाधला आला तेव्हा त्याची मुलगी स्मृती जन्मलीही नव्हती. आता ती बारावीला होती आणि हा अजून पाहुण्यासारखाच राहत होता, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. ऑफिस, घर, शुक्रवारी किराणा. भिंतीवर अनुराधावहिनींनी सांगलीहून आणलेलं कॅलेंडर, चतुर्थ्या-एकादश्यांसकट. इथल्या हिजरी कॅलेंडरची तारीख त्याला एकच पाठ होती, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना संपायची. ती मात्र झोपेतून उठवून विचारली तरी सांगायचा.

त्याची कंपनी जुन्या चित्रफिती सांभाळायची, आणि त्यांची सूची चंद्रशेखरच्या डेटाबेसमध्ये होती. सूचीत सगळा सावळागोंधळ. एकच फीत तीनदा, नावं रिकामी, सालं भलतीच. ती साफ करायचं काम आलं. गडी पद्धतीला पक्का. आधी नोंदी नुसत्या बघायच्या, मगच पुसायची कमांड द्यायची. एकोणीसशेच्या आधीचं जे जे असेल ते दाखव, असं त्यानं संगणकाला विचारलं. रांगच लागली. १४१२, १४१५, १४२०.

जेवताना त्यानं बायकोला हसत हसत सांगितलं, "चौदाशे बारा सालची फीत! तेव्हा कॅमेरा कुणाकडे होता गं?" वहिनीही हसल्या. सकाळी त्यानं सगळ्या नोंदी पुसल्या आणि कारणाच्या रकान्यात 'गार्बेज' लिहिलं.

नोंद गेली की तिच्यामागची चित्रफितीची फाईलही आपोआप जायची. सर्व्हरवरच्या जागेचं भाडं वाचावं म्हणून ही सोय त्यानंच लावून दिली होती. नोंदींची प्रत त्यानं काढून ठेवली होती, फायलींची नव्हती. मूळ टेपा तर केव्हाच बुरशीनं खाल्ल्या होत्या.

त्याचा साहेब उसामा हुफूफचा. त्या फिती त्याच्याच गावच्या होत्या. खजुरीच्या बागा, झरे, झऱ्याकाठी बसून बोलणारे म्हातारे. त्यांतले एक उसामाचे आजोबा. हिजरी चौदाशे बारा म्हणजे आपलं एकोणीसशे एक्क्याण्णव-ब्याण्णव, काही फार जुनी गोष्ट नव्हे, तेव्हा उसामा शाळेत जात होता.

चंद्रशेखरनं नोंदी परत आणल्या. सूची आता स्वच्छ, देखणी आणि पोकळ. उसामा ओरडला नाही. "इतकी वर्षं इथे आहेस ना तू?" एवढंच त्यानं विचारलं. मला आजही वाटतं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

कंपनीनं इकामा पुढे वाढवायला नकार दिला. तो रजबमध्ये, म्हणजे जानेवारीत संपत होता, आणि स्मृतीची बोर्डाची परीक्षा त्यानंतर. मधेच देश सोडला तर पोरीचं वर्ष वाया. उसामानं सही केली असती तर निभावलं असतं. चंद्रशेखर जन्मात कुणापुढे वाकला नव्हता, तो त्याच्या टेबलासमोर हात जोडून उभा राहिला. कंपनीत काम करणाऱ्या आमच्या शारीकनं हे स्वतः पाहिलं.

"चूक माझी आहे, पोरीची नाही," चंद्रशेखर म्हणाला. "परीक्षा संपेपर्यंत राहू द्या."

"कधीपर्यंत?"

या वेळी तो हिजरी महिना आणि साल घरून पाठ करून आला होता. "शव्वाल, चौदाशे सत्तेचाळीस."

उसामानं कागद त्याच्याकडे परत सरकवला. "चौदाशे सत्तेचाळीस?" तो म्हणाला. "हे तर गार्बेज आहे."