मशीन बंद पडलं तेव्हा

बायको शिलाई मशीनला तेल घालत बसली होती. त्या वासाने मी थेट अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या गाळ्यात जाऊन पोचलो. साल पंच्याऐंशी-शहाऐंशी असेल.

गाळा आमच्या बँडमधल्या गिटारवाल्याच्या वडिलांचा. तिथे दिवसभर पत्र्याची झाकणं ठोकणारं मशीन चालायचं. आमचं हेवी मेटलचं कर्कश संगीत कुणाच्या घरी खपणारं नव्हतं, म्हणून त्या धडधडाटात आम्ही प्रॅक्टिस उरकायचो. मी परदेशी बँडची गाणी गायचो. एक मात्र माझं स्वतःचं होतं, मराठीत. “मराठीत कसलं रे मेटल?” म्हणून पोरं हसायची. त्यामुळे ते मशीनच्या आवाजात दडवूनच म्हणायचो.

एका दुपारी ते म्हणत असतानाच वीज गेली. मशीन थांबलं, गिटार गप्प झाली, ड्रमवाल्यानेही हात आवरला. डोळे मिटून मी एकटाच ओरडत राहिलो, आणि माझा आवाज पत्र्यांवर आदळून माझ्याकडेच परत येत होता. गाणं संपल्यावर मशीनवरचे सावंतकाका फडक्याला हात पुसत म्हणाले, “आता ऐकाक इलो तुझो आवाज. परत म्हण बघया.”

मी तोंड उघडलं आणि वीज आली. काका मशीनकडे वळले.

पुढे कॉलेजं झाली, हॉटेलं झाली, लग्नाचे हॉल झाले. लोकांनी कायम दुसऱ्यांचीच गाणी मागितली, मी गात गेलो. आता घसा बोलतानाही खरखरतो. माझं गाणं परत म्हण, असं त्यानंतर कुणीच म्हणालं नाही.

वीज आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीसुद्धा.