पंप पाणी सोडतो

आमच्या विहिरीवर इंजिन बसलं तेव्हा घाटंजीपासून आमच्या गावापर्यंत इंजिनातलं सारं काही कळणारा मी एकटाच माणूस होतो. (म्हणजे मी मॅट्रिक होतो आणि विज्ञानाच्या पुस्तकात पंपाची आकृती होती. ती परीक्षेत आली नाही, एवढंच.)

साठ सालच्या आगेमागे ही गोष्ट. माझ्या हट्टापायी बाबांनी इंजिन आणलं आणि माझ्याच सल्ल्यानं चामड्याची मोट पाहुण्यांना देऊन टाकली. गहू ओंबीवर आला होता. एक पाणी मिळालं तर वर्षभराच्या पोळ्या, नाही तर दाण्याविना नुसतं तनीस!

इंजिन सुरू करायच्या दिवशी मायनं ताट काढलं. हळदकुंकू, खण, पाच सुपाऱ्या. विहिरीची ओटी भरून तिच्यात सुपारी सोडल्याशिवाय आमच्याकडे विहिरीवर नवं काही सुरू होत नसे. मी आडवा आलो.

“माय, हे यंत्र हाये! याले विज्ञान लागते, सुपारी नाई. विहिरीत कोणी काई टाकलं तर पाय मंग!”

ताट उचलून मायनं देवापाशी ठेवून दिलं.

सारा गाव विहिरीवर लोटला. मी हँडल मारलं. धक्... धक्... धडधडधड! आणि पाइपातून मांडीएवढी धार! बैल नाही, मोट नाही, माणूस नाही, अन् पाणी आपलं आपण वर! म्हाताऱ्यांनी हात जोडले. गणपतमामांनी वीस वर्षं आमची मोट हाकली होती. त्यांनी धारेखाली हात धरला आणि काढायचंच विसरले. माझ्या अंगावर काटा आला. अख्ख्या आयुष्यात मी इतका थक्क कधी झालो नव्हतो.

तेवढ्यात पंप गुरगुरला, धार करंगळीएवढी झाली आणि बंद! इंजिन मात्र ऐटीत धडधडतच होतं.

“हवा लागली,” मी जाहीर केलं. “पंपाच्या पोटात आधी पाणी भरा लागते. ते उतरलं का तो खालचं ओढत नाई. यालेच पंपानं पाणी सोडनं म्हनतेत.”

मग माय आणि सुमन (माझी बायको, लग्नाला चार महिने) घागरी भरभरून पंपाला पाणी पाजू लागल्या. पाजलं की चार मिनिटं धार, मग पुन्हा ठणठणाट! हवा शिरते कुठून? मी जोडांना सुतळी गुंडाळली. सुतळीवर साबण चोपडला. साबणावर शेण! तिसऱ्या दिवशी तो पंप चुलीजवळ गोवऱ्यांत ठेवला असता तर कोणी ओळखला नसता.

“वसंता,” बाबा म्हणाले, “हे इंजिन पाणी देऊन राह्यलं का पिऊन राह्यलं?”

बांधावर बैल निवांत रवंथ करत उभे होते. गणपतमामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अतिशहाना त्याचा बैल रिकामा, असं आमचा बाप म्हने.”

गव्हाची पानं टोकाला पिवळी पडली होती. चार माणसांत माझी अशी शोभा झाल्यावर मी करायला नको तेच केलं.

“माय, खरं सांग! तूच विहिरीत सुपारी टाकली ना?”

सगळे मायकडे बघू लागले. तिचा चेहरा उतरला.

“म्या नाई टाकली रे बापा,” एवढंच ती म्हणाली.

गणपतमामा उठले, इंजिन बंद करायला लावलं आणि पाइपाला कान लावून बसले.

“तू हवा वरतं धुंडून राह्यला, वसंता. आतलं पाणी तं खालतं पळून राह्यलं! पाइपाच्या बुडाले मिस्तरीनं बसवली ते झडप लागत नाई.”

ही झडप माझ्या आकृतीत बाणासकट होती! आणि तिच्याखालची जाळी पाणी अडवेल म्हणून मीच काढून ठेवली होती.

मोटेचं चाक अजून विहिरीवर होतं. त्यावरून दोर टाकून रिकामे बैल जुंपले आणि पाइप वर ओढला. मामांनी झडपेत दोन बोटं घातली आणि हळदीनं पिवळा झालेला एक रुमाल बाहेर काढला. गाठीत सुपारी! कोपऱ्यात लाल रेशमानं भरलेलं ‘व’ अक्षर!

“अवं माय!” सुमननं तोंडात पदर कोंबला. भरतकाम तिचंच होतं.

आता काय लपवायचं? त्या दिवशी गाव जमायच्या आधी मी देवापाशी घुटमळत होतो. मिस्तरीनं इंजिन एकदाच दाखवलेलं, आणि नाही सुरू झालं तर? मी गुपचूप मायच्या ताटातली एक सुपारी आणि चिमूटभर हळदकुंकू रुमालात बांधून, डोळे मिटून विहिरीत सोडलं होतं.

“कोनाचा हा रुमाल?” बाबांनी विचारलं.

“माह्या हातून पडला असंन,” माय पटकन म्हणाली. “धुवाले आणलता.”

“सुपारी बांधून?”

सारी विहीर हसली. जाळी बसवून पाइप पुन्हा सोडला, पंपाला पाणी पाजलं, आणि धार लागली ती दिवस मावळेपर्यंत तुटली नाही. गहू वाचला.

घरी आल्यावर मी मायपुढे मान खाली घालून उभा राहिलो.

“ताटात चारच सुपाऱ्या उरल्या, तवाच समजलं मले,” ती म्हणाली. “पन लोकाईसमोर कायले सांगू? तुह्या विज्ञानाची लाज गेली असती.”

त्या दिवशी मी आयुष्यात दुसऱ्यांदा तसा थक्क झालो, आणि या वेळी इंजिनानं नाही.

बाकी गावात कुठंही पंपानं पाणी सोडलं की लोक आधी झडप बघतात. आमच्या घरात मात्र आजही आधी माझे खिसे बघतात!