येते

परदेशातून शिकायला आलेली ती मुलगी पहिल्याच सकाळी "जाते" म्हणून निघाली, तेव्हा घरमालकीण मावशी कडाडल्या, "जळलं मेलं तुझं बोलणं! जाते म्हणणारी परत येत नाही. येते म्हण!" भाजीवाल्याशी घासाघीस कशी करायची, नळ गेला की कुणाच्या नावानं बोटं मोडायची, सगळं त्यांनीच शिकवलं, शिव्या घालत.

आज मावशींना खालच्या खोलीत जमिनीवर निजवलं होतं. मुलगी त्यांच्या पायांशी वाकली आणि निघताना म्हणाली, "येते, मावशी."

रडणाऱ्या बायकांनी चमकून वर पाहिलं. मावशींची सून फिसकारली, "मयताच्या घरून निघताना येते म्हणतात का? पुन्हा असाच दिवस बघायचाय तुला?"

"मग काय म्हणायचं?" मुलीनं विचारलं, आणि सवयीनं मावशींकडेच पाहिलं.